रेघेच्या वर

'मुल खळतात' असं फळ्यावर लिहून बाई वळल्या, हातावरचा खडू झटकला आणि नेहमीप्रमाणे एक शिंक दाबून म्हणाल्या, "वाचा." पहिलीचा वर्ग एरवी वाचा म्हटलं की ओरडूनच वाचतो, पण आज कुणी वाचलं नाही. मुलं एकदा फळ्याकडे आणि एकदा बाईंकडे बघत राहिली. मग खिडकीपाशी बसणाऱ्या मुलीचा हात वर झाला. तिला शिक्षकांच्या खोलीत सगळे 'चौकशीची खिडकी' म्हणत, कारण दिवसभर तिचे प्रश्न चालू असत. "बाई, खळ म्हणजे चिकटवायची ना?" बाई म्हणाल्या, "हो. का गं?" "मग मुलं खळतात म्हणजे काय करतात? चिकटतात?" वर्ग खदखदून हसला. कुणीतरी शेजारच्याला खरोखरच जाऊन चिकटलं. बाईंनी मागे वळून पाहिलं. शब्द रेघेला नीट लटकत होते, उकार जागच्या जागी होता, काना सरळ होता, पण रेघेच्या वर काहीच नव्हतं. 'मुलं'वरचं टिंब नाही, 'खेळ'वरची मात्रा नाही. आणि आपण ती दिली आहे याची बाईंना खात्री होती. हात वर गेल्याचं त्यांना आठवत होतं. गेले काही महिने उजवा खांदा आखडला होता, हात कानापर्यंत नेला की आतून कुणीतरी कडी घालत असे, हे त्यांना माहीत होतं. फळ्यावरच्या ओळी हळूहळू खाली येत चालल्या आहेत, हेही माहीत होतं. पण हाताने आपल्याला न विचारता परस्पर ठरवून टाकावं, वरचं वरती सोडून द्यावं आणि काम झालं असं सांगावं, हे नवीन होतं. त्यांनी खडू डाव्या हातात घेतला आणि मात्रा दिली. ती उलटीच पडली. तेवढ्यात दाराशी मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, उभ्या असलेल्या दिसल्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

मधल्या सुट्टीत त्यांनी बाईंना आपल्या खोलीत बोलावलं. मोठ्या बाई वयाने बाईंपेक्षा लहान होत्या, त्यामुळे कठीण काही बोलायचं असलं की त्या आधी चहा मागवत. चहा आला तेव्हाच बाईंनी ओळखलं. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका," मोठ्या बाई म्हणाल्या, "पण पहिलीची मुलं म्हणजे ओली माती. एक चुकीचं अक्षर बसलं की बसलं. वाचनालयाची खोली रिकामीच आहे. पुस्तकं लावा, नोंदी करा, मुलांना गोष्टी सांगा. हात खाली ठेवून करता येईल असं काम आहे. पहिली नव्या बाई घेतील." बाईंनी विचारलं, "आणि खांदा बरा झाला तर?" "तर बघू ना. कुणी हाकलतंय का तुम्हाला?" मोठ्या बाईंनी चहात नसलेली माशी काढावी तसा चमचा फिरवला. "सोमवारी सांगा मला. तुम्ही हो म्हणालात तर बरं दिसेल." म्हणजे नाही म्हटलं तरी तेच होणार होतं, फक्त बरं दिसणार नव्हतं. बाई उठल्या आणि दाराची कडी उजव्या हाताने काढायला गेल्या. खांद्याने पुन्हा आपलं म्हणणं मांडलं.

घरी जाताना त्यांना दुकानांच्या पाट्या दिसत होत्या आणि त्या सवयीने प्रत्येक शब्दाच्या डोक्यावरचं काढून टाकत होत्या. हा खेळ त्यांनी आज शोधला नव्हता. कुठेतरी फार खाली तो होताच आणि वर्गातल्या त्या दोन शब्दांनी त्याचं झाकण उघडलं होतं. 'केस कापणे'वरच्या मात्रा काढल्या की राहतं 'कस कापण'. 'चहा' तसाच राहतो. 'बूट' तसाच राहतो. 'औषधे' मात्र बिचारी मोडून पडतात. इतकी वर्षं त्यांनी मुलांना सांगितलं होतं की अक्षर रेघेला लोंबतं, दोरीवर कपडे वाळत घालतो ना तसं, आणि दोरीवर चिमटे लागतात ते वरचे. पण पहिल्यांदा अक्षरं शिकवली तेव्हा चिमटे लावताच येत नव्हते. ती शिकवणी शाळेतली नव्हती आणि शिकणारं मूल नव्हतं.

घरात शिरताच नवऱ्याने त्यांच्या हातातली पिशवी घेतली. तो आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करण्याच्या कामावर होता. निवृत्त झाल्यावरही त्याच्या सगळ्या उपमा विहिरीसारख्या त्या अरुंद बोळात वर-खाली करत. सगळं ऐकून तो म्हणाला, "वर जात नाही म्हणजे लोड जास्त झाला. आम्ही आधी माणसं उतरवतो, मग मशीन बघतो. बस तू." आणि त्याने तव्यावर जाडं मीठ टाकलं. डॉक्टरांनी सुई देऊ म्हटलं होतं, पण त्यांनीच पुढे सांगितलं होतं की घाई नसेल तर रोज शेक आणि हळूहळू हालचाल यांनीही खांदा सुटतो, मात्र वेळ लागतो, कंटाळू नका. तव्यावर मीठ तडतडू लागलं. नवऱ्याने ते जुन्या उशीच्या अभ्र्यात ओतलं, गाठ मारली आणि आधी स्वतःच्या गालाला लावून पाहिलं. मग पुरचुंडी त्यांच्या खांद्यावर ठेवली. गरम मिठाला तसा वास नसतो, गरम कापडाला असतो. इस्त्रीचा, थोडा करपल्याचा, थोडा माणसाचा. बाईंनी डोळे मिटले आणि तो वास त्यांना धरून त्या खोलीत घेऊन गेला, जिथे त्या अजून बाई नव्हत्या, बबडी होत्या.

बबडीची आई शर्ट शिवण्याच्या कारखान्यात कॉलरी लावायची. दिवसभर कॉलरीच. अख्खा शर्ट कसा दिसतो हे आपल्याला माहीत नाही, असं ती म्हणायची, "मला विचार, माणूस म्हणजे नुसती मान." वडील जहाजावर असत आणि कधीमधी येत. संध्याकाळी आई घरी यायची ती केसांत, भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर कापडाचे बारीक तंतू घेऊन, जणू वाटेत कुठे तिला एकटीलाच धुकं लागलं होतं. दारातच तिला शिंका सुरू होत. एक आली की दुसरी तिला शोधत येई. "कापड मला मानवत नाही," ती नाक पुसत म्हणायची, "आणि कापडाशिवाय मला कोणी मानत नाही. म्हणजे पगार देत नाही गं." मग ती बाहेरच केस झटकायची, ओल्या फडक्याने मान-तोंड पुसायची, मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करायची, आणि दोघी पातेल्यावर टॉवेल घेऊन बसत. वाफ खरं तर आईला हवी असायची. बबडीचं नाक चांगलं मोकळं असे, पण त्या तंबूत तिला जागा हवी असे. आत दोघींचे चेहरे इतके जवळ येत की आईच्या नाकावरचा थेंब बबडीच्या हातावर पडे. बाहेरचं जग टॉवेलच्या पलीकडे भांडी वाजवत राही. "आज काय शिकवलं?" आई वाफेतून विचारायची, तिचा आवाज ओला आणि मोठा व्हायचा, आणि बबडी सांगायची. त्या अंधारात, गालांवरून पाणी निथळत असताना सांगितलेलं सगळं खरं वाटायचं. नंतर आयुष्यात बाईंनी अनेक सभांमधून अनेक गोष्टी सांगितल्या, पण इतकं लक्ष देऊन कुणी ऐकलं नाही.

मग एका वर्षी आईचा खांदा आखडला. कॉलर सरकवणारा उजवा हात. तो पुढे जायचा, पण वर जायचा नाही. केस विंचरायला तिला बबडी लागायला लागली, दोरीवर कपडे घालायलाही. कारखान्यातून तिला काही दिवस घरी राहायला सांगितलं आणि ती घरात चिडून फिरू लागली. दवाखान्यातल्या नर्सने शेक घ्यायला सांगितलं आणि भिंतीपाशी उभं राहून बोटं चढवायला सांगितली. "मुंगी चढते तशी," नर्स म्हणाली होती. "मुंगी घाई करत नाही, आणि कळ येईल तिथून पुढे मुंगीने जायचं नाही. कळ आली की उतरायचं." आईने दोन दिवस मुंगी चढवली आणि तिसऱ्या दिवशी भिंतीला पाठ लावून खाली बसली. "कंटाळा येतो बाई. भिंतीवर आहे काय बघायला?" त्यांच्या खोलीच्या भिंतींना खालच्या अर्ध्या भागाला हिरवा ऑइलपेंट होता आणि वरच्या भागाला पांढरा चुना. हिरवा जिथे संपत होता तिथे खोलीभर एक आडवी रेघ पळत होती. बबडीच्या खिशात शाळेतून आणलेला खडूचा तुकडा होता. तिने त्या रेघेला लोंबतं एक अक्षर काढलं आणि म्हणाली, "ह्यावरून चढव मुंगी."

आईला अक्षर ओळखता येत नव्हतं. शाळा तिच्या वाट्याला आलीच नव्हती. सगळं ती नजरेने, मापाने आणि शेजारणीला विचारून करायची. तिने बोट त्या 'घ'च्या पोटावरून फिरवलं आणि म्हणाली, "हे काजं केल्यासारखं आहे." मग 'र' आला. घर. आईने घर बोटाने चढून पाहिलं. हात रेघेपर्यंत पोचायचा नाही, म्हणून तिची अक्षरं बिनरेघेची, खाली तरंगणारी राहिली. पण रेघ भिंतीवर होतीच, ती काढायची गरजच नव्हती. त्या संध्याकाळी शेक घेताना ती म्हणाली, "अहो बाई, उद्या मला सुई शिकवा." आयुष्यात तिला बाई असं म्हणणारी पहिली व्यक्ती म्हणजे आईच. बबडी ताठ झाली. रात्री तिने विचार केला आणि सकाळी नियम सांगितला, "सुई नाही चालणार. 'ई'ची शेपटी रेघेच्या वर जाते. तुझा हात जात नाही. तू धागा घे." "आणि सुईशिवाय धागा घेऊन काय करू, गळ्यात बांधू?" आई हसून हसून वाकली आणि मग कळ आली म्हणून सरळ झाली. पण नियम म्हणजे नियम. बबडीला असे शब्द शोधून आणावे लागत ज्यांच्या डोक्यावर काही नाही. ती वर्गात बसून शब्द हुडकत असे, मैदानात, रांगेत, आंघोळ करताना. आणि तिच्या लक्षात आलं की माणसाचं अंग जवळजवळ सगळं लिहिता येतं. नाक, कान, गाल, दात, मान, पाठ, हात, पाय, गुडघा. आईला फार गंमत वाटली. ती लिहिता लिहिता त्या त्या जागेला हात लावून पाही. फक्त डोकं लिहिता येत नव्हतं, कंबर येत नव्हती, आणि जिथे दुखत होतं तो खांदाच लिहिता येत नव्हता. त्याच्यावर टिंब होतं. "म्हणजे बरा होईपर्यंत तो नावानिशी सापडायचा नाही," आई म्हणाली. आणि 'आई'ही येत नव्हतं. ते मात्र दोघींपैकी कुणी बोललं नाही.

त्या दिवसांत खोलीतला उजेड कसा होता हे बाईंना आजही सांगता आलं असतं. खिडकीतून तो तिरका यायचा आणि हिरव्या पट्ट्यावर खडूची भुकटी चमकायची. भुकटीने आई शिंकायची. मग बबडी ओलं फडकं घेऊन भिंत पुसायची, ओली भिंत काळपट हिरवी दिसायची आणि वाळताना शब्द पुन्हा पुसट उगवायचे. आईचा हात रोज थोडा वर जात होता. उकार आधीच आले होते, ते बिचारे पायाशी असतात. मग एक दिवस बोट रेघेला लागलं. आईने रेघेवरून बोट ओढत भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं, कपाटाशी अडली, वळसा घालून पुढे गेली, आणि दाराशी येऊन थांबली, धापा टाकत, जणू कुठून तरी प्रवास करून आली होती. रेघेवरच्या पांढऱ्या चुन्यावर खडू दिसत नसे, म्हणून वरच्या खुणा तिने ओल्या बोटाने दिल्या. मात्रा, वेलांटी, टिंब. तिची पद्धत निराळी होती. आधी सगळं वाक्य खालून शिवून घ्यायचं आणि मग एकदम वरच्या खुणा लावत जायचं. "काजं झाली, आता बटणं," ती म्हणायची. चुन्यात ओल्या ठिपक्यांची रांग उमटायची आणि बघता बघता वाळून जायची. ज्या दिवशी तिने 'खांदा' लिहून त्यावर टिंब दिलं त्या दिवशी ती पुढच्या कामाची पिशवी भरून ठेवत होती. सोमवारपासून कारखाना. बबडीने विचारलं, "आणि उद्याचा धडा?" आई म्हणाली, "अगं, बरा झाला ना आता." तिने हात सरळ वर केला, छताकडे, पंख्याकडे, आणि दाखवला. तिचा चेहरा इतका उजळला होता की बबडीलाही टाळ्या वाजवाव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी ती संध्याकाळी कपडे झटकत, शिंकत घरी आली, पातेलं ठेवलं, टॉवेल घेतला. भिंत मात्र मोकळी राहिली. आईला दुकानांची नावं वाचता यायला लागली होती, बसच्या पाट्याही, आणि तिला तेवढं पुरत होतं. पुरायलाच हवं होतं. पण पुढे कितीतरी दिवस बबडी शाळेतून येताना एखादा चांगला शब्द घेऊन यायची आणि दाराशी आल्यावर तिला आठवायचं की तो आता कुणाला द्यायचा नाही.

"निवलं का?" नवऱ्याने विचारलं. पुरचुंडी थंड झाली होती. बाईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तो म्हणाला, "एवढं गरम होतं का? मी तर गालाला लावून पाहिलं होतं." बाई म्हणाल्या, "नाही हो. बरोबर होतं."

रविवारी त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर मुंगी चढवली. ती कपाटाच्या मुठीपर्यंत गेली आणि तिथे कळ आली. उतरल्या, पुन्हा चढल्या. बोटांच्या टोकांना भिंतीचा गारवा लागत होता आणि खांद्यात शेकाची ऊब अजून रेंगाळत होती. खांदा सुटणार होता, हे त्यांना अंगातूनच कळत होतं. आईचा सुटला तसा, आपल्या वेळेने. पण सोमवार त्याची वाट बघणार नव्हता. वाचनालयाची खोली त्यांना दिसली. तिथे गोष्टी सांगता येतील, पुस्तकं लावता येतील. वाईट काहीच नव्हतं त्यात. फक्त तिथे येणारी मुलं वाचायला आलेली असतील. ज्याला अजून काहीच वाचता येत नाही अशा माणसाचं बोट धरून पहिल्या अक्षरावरून नेणं आणि त्याच्या डोळ्यांत ते अक्षर एकदम अक्षर होताना बघणं, हे तिथे नसेल. ते दुसऱ्यांदा हातातून जात होतं. पहिल्यांदा दुसऱ्याचा खांदा बरा झाला म्हणून, आणि आता आपला झाला नाही म्हणून. बाईंना या हिशेबाचं हसू आलं आणि ते हसू नीट पुरं झालं नाही.

"इतकं काय त्यात," नवरा मागून म्हणाला. तो चहाचा कप घेऊन त्यांची मुंगी बघत उभा होता. "पेशंट वर जाऊ शकत नसेल तर दवाखाना खाली येतो. मी किती वेळा केलंय. लिफ्ट बंद, म्हातारी तळमजल्यावर, मग डॉक्टरच उतरवले." बाई त्याच्याकडे वळून बघायला लागल्या. "असं काय बघतेस? विनोद होता." "तुमचे ते बोल्ट सोडवायचे पाने कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

सोमवारी शाळा भरायच्या आधी शिपायाने वर्ग उघडून दिला. "मोठ्या बाईंना विचारलंय ना?" त्याने विचारलं. "विचारणार आहे," बाई म्हणाल्या, आणि ते खोटं नव्हतं. नवऱ्याने स्टुलावर चढून फळ्याचे चार बोल्ट सोडवले. गंजलेले होते. "कुणी लावला होता हा, भूकंपासाठी?" तो पुटपुटत होता. शिपायाने खालून आधार दिला आणि फळा, इतकी वर्षं डोक्यावर असलेला, करकरत खाली आला आणि भिंतीला टेकून जमिनीवर उभा राहिला. त्याच्या मागच्या भिंतीवर एक चौकोन राहिला, रंग न उडालेला. बाईंनी छोटं स्टूल ओढलं, फळ्यासमोर बसल्या आणि लिहून पाहिलं. हात छातीच्या वर न नेता रेघ आली, रेघेच्या वरची मात्राही आली. पण बसल्या जागेवरून वळून पाहिलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. मागची बाकं दिसतच नव्हती. म्हणजे मागच्या बाकांवरून फळाही दिसणार नव्हता. हा विचार त्यांनी केलाच नव्हता. आपल्या खांद्याचाच विचार केला होता. नवरा पाने गोळा करत होता. तो म्हणाला, "पुन्हा चढवू?" तेवढ्यात घंटा झाली आणि मुलं आत आली.

आत आली आणि दप्तरं खांद्यावर असतानाच थांबली. फळा त्यांच्यासमोर उभा होता, त्यांच्याएवढा. त्यांनी तो कधी जवळून पाहिलाच नव्हता. तो नेहमी वर असायचा, बाईंचा असायचा. एकाने हळूच बोट लावून पाहिलं. चौकशीची खिडकी सरळ पुढे आली, बाईंच्या हातातला खडू तिने मागितलासुद्धा नाही, घेतला, आणि बाईंनी काढलेल्या रेघेला धरून शेजारी 'खेळ' लिहिलं. मात्रा देताना तिचा हात अगदी सहज वर गेला. मग वळून म्हणाली, "बाई, आम्ही सगळे इथे बसू? बाकं मागे ढकलली तर मावू." उत्तराची वाट न बघता बाकं ढकलायला सुरुवातही झाली. पायांचा, लाकडाचा, दप्तरांचा एकच कल्लोळ झाला. खडूची भुकटी उडाली आणि बाई सणसणीत शिंकल्या. तो आवाज ऐकूनच की काय, मोठ्या बाई दारात आल्या.

त्यांनी भिंतीवरचा रिकामा चौकोन पाहिला. नवऱ्याच्या हातातला पाना पाहिला. जमिनीवर दाटीवाटीने बसलेला वर्ग पाहिला आणि स्टुलावर बसलेल्या बाईंना पाहिलं. "हे काय आहे?" त्यांनी विचारलं. बाईंना खूप काही सांगायचं होतं, पण ते सगळं फार जुनं होतं आणि एका वाक्यात बसणारं नव्हतं. त्या म्हणाल्या, "धडा चालू करतेय. तुम्ही सोमवारी सांगा म्हणाला होतात." मोठ्या बाई वर्गाच्या मागे गेल्या, ढकललेल्या बाकांपैकी शेवटच्या बाकावर बसल्या, मान उंच केली, डावीकडे केली, उजवीकडे केली. शाळेची तपासणी करणाऱ्या माणसासारख्या. मग म्हणाल्या, "मला इथून काही दिसत नाही."

मुलं वळून बघायला लागली. बाईंनी खडू उचलला. तोंडून आलं ते रोज, कितीतरी वर्षं, मागच्या बाकावरच्या प्रत्येक मुलाला सांगितलेलं होतं, त्याच आवाजात. "मग पुढे या."

मोठ्या बाई बाकावरून उठल्या. दाराकडे जातील असं वाटलं. त्यांनी चपला काढल्या, एका मुलाला जरा सरक म्हणाल्या आणि चौकशीच्या खिडकीशेजारी जमिनीवर मांडी घालून बसल्या. ती त्यांच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बोलायचं असेल तर हात वर करायचा."

"बरं," मोठ्या बाई म्हणाल्या.